म्हातारा कुत्रा घरात असताना बॉर्डर कॉलीचं पिल्लू आणू नका, माझं ठाम मत

दुपारचीझोप:
गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तिघांनी मला एकच गोष्ट विचारली. आमचा कुत्रा आता म्हातारा झालाय, दिवसभर पडून असतो, त्याला सोबत म्हणून पिल्लू आणू का? आणि तिघांचंही आधीच ठरलेलं की पिल्लू बॉर्डर कॉली नाहीतर ऑस्ट्रेलियन शेफर्डच घ्यायचं, हुशार असतात ना. मी तिघांनाही नको म्हणाले. का ते इथे सविस्तर लिहिते, कारण ही चूक मी स्वतः केलीये आणि ती माझ्या भीमाने भोगलीये.

भीमा माझा लॅब (लॅब्राडॉर), तेव्हा १२ वर्षांचा. मागच्या पायांत संधिवात, एका डोळ्यात मोतीबिंदू, ऐकायला जवळजवळ काहीच येत नव्हतं. त्यात आम्ही ९ आठवड्यांची कॉली आणली, झिपरी. पहिले काही आठवडे ठीक गेले, म्हणजे कान ओढायची, शेपटीला लटकायची, ते सगळीच पिल्लं करतात. खरा त्रास ती चार महिन्यांची झाल्यावर सुरू झाला, आणि तो त्रास दिसतच नव्हता. ती त्याच्या अंगावर उड्या मारत नव्हती, भुंकत नव्हती, नुसती बघायची. पोट जमिनीलगत, मान खाली, नजर त्याच्यावर रोखलेली. तो उठला की ही उठणार, तो वळला की ही लांबून वळसा घेऊन त्याच्या पुढ्यात हजर. मेंढ्या राखणाऱ्या कॉलीचं कामच हे, नजरेने कळप हलवायचा. शिकारी प्राण्याची जी साखळी असते, हेरणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं, त्यातलं आधीचं सगळं माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून निवडून ठळक केलं आणि शेवटचं पकडणं-मारणं दाबून टाकलं. पण बाकीच्या कुत्र्यांना असं एकटक बघणं म्हणजे सरळ दमदाटी वाटते. भीमा मान फिरवायचा, जांभई द्यायचा, ओठ चाटायचा, कुत्रा जेवढ्या सभ्यपणे 'पुरे आता' म्हणू शकतो तेवढं तो म्हणत होता. झिपरीला त्यातलं काहीही नको होतं, तिला त्याने हलायला हवं होतं.

मला कळलं ते पाण्याच्या भांड्यावरून. सकाळी भरलेलं भांडं संध्याकाळी जवळपास तसंच. झिपरी पॅसेजमध्ये आडवी पडलेली असायची आणि भीमा तिला ओलांडून पाण्यापर्यंत जातच नव्हता. भांडण नाही, चावाचावी नाही, आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो की दोघांचं काय छान जमलंय.

म्हणून सांगते, म्हाताऱ्याला सोबत म्हणून कॉली आणू नका. सोबत आपल्याला हवी असते, त्याला हवा असतो त्याचा कोपरा. पटत नसेल तर बोला, मला ऐकायचंय.

आखूडपाय:
ताई, भीमाबद्दल वाचून वाईट वाटलं, पण तुमचा निष्कर्ष मला अजिबात पटलेला नाही. तुम्ही जे सांगताय तो जातीचा दोष नाही, तो दोघांना मोकळं सोडण्याचा परिणाम आहे. आमच्याकडे ११ वर्षांची मिश्र जातीची म्हातारी होती आणि आम्ही पेम्ब्रोक कॉर्गी आणला. तोही हर्डिंगवालाच, म्हणजे गुरं-मेंढ्या हाकणारा, फक्त हे नजरेने काम करत नाहीत, गुरांच्या टाचांना चावा काढून हाकतात, म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याच्या दुखऱ्या पायांसाठी खरं तर कॉलीपेक्षा वाईट. तरी आमचं जमलं, पण त्यासाठी पहिले दोन आठवडे दोघं कधीच मोकळे एका खोलीत नव्हते. आधी नुसती अंथरुणं बदलायची, याचा वास तिला, तिचा याला. मग बाहेर, तिसऱ्याच जागी, दोन माणसं दोन पट्टे, मधे भरपूर अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचं, समोरासमोर नाही. मग घरात बेबी गेटच्या, म्हणजे दारात लावायच्या बुटक्या जाळीच्या, आडून. त्यानंतर एकत्र, तेही पाच-दहा मिनिटं, पिल्लाच्या गळ्यात हलका पट्टा तसाच लोळता ठेवून, म्हणजे टाचेकडे गेला की आरडाओरडा न करता उचलता येतं. आणि टाचेवरची नजर सुटून माझ्याकडे वळली की लगेच बक्षीस. तीन महिने कंटाळा येईपर्यंत हेच केलं. म्हातारी आधी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, ती सकाळी स्वतःहून दारात येऊन उभी राहायला लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे सरसकट 'आणू नका' मला मान्य नाही.

दुपारचीझोप:
दादा, तीन महिने रोज हे करणारी किती घरं असतात? तुम्ही केलंत, मनापासून कौतुक. पण मला विचारलं त्या तिघांपैकी दोघं दिवसभर घराबाहेर असतात. आणि एक सांगा, म्हातारी दारात येऊन उभी राहायची, ती फिरायला जायला उत्सुक होती की कॉर्गी उठायच्या आत घराबाहेर पडायला? चिडून विचारत नाहीये. मी स्वतः भीमाच्या हलणाऱ्या शेपटीवर विश्वास ठेवला होता. शेपटी ताठ आणि उंच धरून झरझर हलत असेल तर तो ताण असतो, हे मला नंतर कळलं.

आखूडपाय:
प्रश्न रास्त आहे. शेपटी खाली, सैल, सगळं ढुंगण हलायचं. आणि कॉर्गी झोपलेला असेल तर जाऊन त्याला हुंगायची, त्याच्या शेजारी बसायची. त्याच्यापासून पळत नव्हती एवढं खात्रीने सांगतो.

खांद्यावरचीकाठी:
दोघंही जरा जास्तच गुंतागुंत करताय असं वाटतं. आमच्या घरी कायम दोन-तीन कुत्री होती, दर पिढीत म्हाताऱ्याने पिल्लाला वळण लावलं. एकदा गुरगुरला, दोनदा हवेत तोंड मारलं, पिल्लू सरळ. आपण मधे पडतो म्हणून बिघडतं. कुत्र्यांचं कुत्र्यांना बघू द्या.

दुपारचीझोप:
गुरगुरू द्यावं याच्याशी शंभर टक्के सहमत, गुरगुरण्याबद्दल म्हाताऱ्याला कधीच रागवू नये. रागावलात तर तो गुरगुरणं सोडतो आणि थेट चावायला शिकतो. पण तुमचे म्हातारे धट्टेकट्टे असणार. ज्याला ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, पटकन उठता येत नाही, तो काय वळण लावणार? भीमा गुरगुरला की झिपरी दोन पावलं मागे जाऊन परत तशीच दबून बसायची. हाकलल्यावर मागे सरून पुन्हा कामाला लागणं हे तर तिच्या रक्तातच. कळपातली मेंढी उलटून अंगावर आली म्हणून कॉलीने काम सोडलं तर तिला कॉली कोण म्हणेल?

खांद्यावरचीकाठी:
मेंढीचं उदाहरण पटलं. आमच्याकडे या जाती कधीच नव्हत्या, साधी कुत्री होती, तो फरक मी धरला नव्हता. तरीही म्हणेन की दर मिनिटाला मधे पडू नका, म्हाताऱ्याची घरातली पत राहत नाही.

निळीपायवाट:
मला एका गोष्टीचं नवल वाटतंय, पिल्लूच का? तीन-चार वर्षांचा, शांत स्वभावाचा, दुसऱ्या कुत्र्यांबरोबर राहिलेला कुत्रा का कोणी आणत नाही? त्याचा स्वभाव आणायच्या आधीच कळलेला असतो. पिल्लाचं तुम्हाला आज काहीच माहीत नसतं, सहा महिन्यांनी ते वयात येणार, दीड-दोन वर्षांपर्यंत तो काळ चालणार, आणि तुमच्या १२ वर्षांच्या कुत्र्याकडे कदाचित तेवढाच वेळ उरलाय. त्याची शेवटची दोन वर्षं आणि पिल्लाची सगळ्यात दांडगाईची दोन वर्षं तुम्ही मुद्दाम एकावर एक ठेवताय. एवढं एक गणित मांडून बघा. बरेच जण मनातून पुढच्या दुःखाची तयारी म्हणून पिल्लू आणतात, हा गेला तर घर रिकामं वाटू नये म्हणून. मी समजू शकते, मीही तसंच केलं होतं, आणि आमचा म्हातारा गेला त्या आठवड्यात मला आठवत राहिलं की शेवटच्या वर्षात मी त्याच्यापेक्षा पिल्लाच्याच मागे जास्त धावले.

औषधांचीपेटी:
प्राण्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काम करते म्हणून थोडं वेगळ्या बाजूने. 'म्हातारा झालाय, पडून असतो, त्याला कंटाळा आलाय' हे वाक्य मी रोज ऐकते, आणि तपासलं की त्यातल्या पुष्कळांना कंटाळा नसतो, दुखत असतं. सांधे दुखतात, दात सडलेले असतात. म्हणून पिल्लाचा विचार करायच्या आधी म्हाताऱ्याची नीट तपासणी करा, डॉक्टर म्हणाले तर काही आठवडे वेदनेचं औषध देऊन बघा. कित्येक तेवढ्यानेच परत घरभर फिरायला लागतात. घरातली माणसांची गोळी मात्र देऊ नका, आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषारी आहे. रात्री उठून फिरणं, ओळखीच्या खोलीत वाट चुकणं, कोपऱ्यात जाऊन अडकणं असं काही असेल तर तेही सांगा, कुत्र्यांनाही म्हातारपणी स्मृतिभ्रंश होतो, आणि अशा कुत्र्याच्या घरात रोज नवा गोंधळ आणणं त्याच्यावर अन्याय आहे.

लांब केसांची रफ कॉली (बॉर्डर कॉली नव्हे), ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी (शेटलंड शीपडॉग) आणणाऱ्यांसाठी आणखी एक. या जातींत एमडीआर१ नावाच्या जनुकातला बिघाड बऱ्याच कुत्र्यांत सापडतो, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २००१ मध्ये तो शोधला. असा बिघाड असेल तर काही औषधं मेंदूत जाऊन साठतात, मोठ्या डोसमधलं जंतांवरचं आयव्हरमेक्टिन, जुलाबावरचं लोपेरामाइड वगैरे. म्हाताऱ्या लॅबला चाललेली गोळी याला जिवावर बेतू शकते, त्यामुळे एकाचं औषध दुसऱ्याला अंदाजाने देऊ नका, डबा वर बंद कपाटात ठेवा, आणि पिल्लाची ती टेस्ट करून घ्या. दोघांची भांडीही वेगळ्या खोलीत हवीत, पिल्लाचं खाणं म्हाताऱ्याच्या किडनीला आणि वजनाला जड पडतं.

आखूडपाय:
ताई, तपासणी आधी करा हे मी माझ्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, आम्ही केली होती. म्हातारीचे दोन दात काढले आणि मगच पिल्लू आणलं. तिच्यात जो बदल दिसला त्यातला थोडा त्या दातांमुळेही असेल, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

दहादिवसउरले:
मी हे सगळं वाचून रडकुंडीला आलेय. आमचं ऑस्ट्रेलियन शेफर्ड पिल्लू ठरलंय, दहा दिवसांत घरी येणार, मुलांना सांगून झालंय. आमची म्हातारी १० वर्षांची जर्मन शेफर्ड आहे, मागचे पाय जरा लटपटतात पण ऐकू येतं, दिसतं. नाही म्हणून टाकू का?

दुपारचीझोप:
माझं मत विचाराल तर हो, नाही म्हणा किंवा निदान पुढे ढकला. मुलं दोन दिवस रुसतील. पण तुमची म्हातारी ऐकते-बघते आणि ती स्वतः राखणीच्या जातीची आहे, तेव्हा भीमाइतकी हतबल नाही, हेही मान्य करते. आधी पाय का लटपटतात ते तपासून घ्या. जर्मन शेफर्डमध्ये मागच्या पायांचं दुखणं संधिवाताचंच असतं असं नाही, मज्जारज्जूचा एक आजारही होतो, आणि तो असेल तर वेगाने धडक मारणारं पिल्लू घरात नकोच.

आखूडपाय:
मी म्हणेन की तपासणीत मोठं काही निघालं नाही तर आणा, पण काही गोष्टी पिल्लू यायच्या आधी करून ठेवा, आल्यावर सुधरत नाही. म्हातारीचं अंथरूण भिंतीला पाठ लागेल असं कोपऱ्यात, तिथे पिल्लाला कायमची बंदी. गुळगुळीत फरशीवर न सरकणाऱ्या चटया टाका, पाय घसरेल या भीतीने ती पिल्लापुढून बाजूलाही होणार नाही. पिल्लं दिवसात १८-२० तास झोपतात, तेवढी झोप त्याला क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या झोपायच्या पिंजऱ्यात, मिळाली तर निम्मी दांडगाई तिथेच संपते, न झोपलेलं पिल्लूच जास्त चावतं. आणि तो 'बघायला' लागला, म्हणजे मान खाली घालून नजर रोखली, की त्याच क्षणी उठवा, दोरीला बांधलेलं खेळणं द्या, दुसरीकडे न्या. ते गोड दिसतं म्हणून व्हिडिओ काढत बसू नका. दिवसभर घरी कोण असतं तुमच्याकडे?

दहादिवसउरले:
मी असते, पण अर्धा वेळ काम चालू असतं, दार लावून. उद्याच डॉक्टरांकडे जाते आणि पिल्लू देणाऱ्यांना विचारते की महिनाभर थांबतील का.

दुपारचीझोप:
नक्की विचारा. आणि आणलंतच तर गेट खोलीच्या दाराला लावू नका, पॅसेजला लावा, आणि म्हातारीच्या बाजूला पाण्याचं दुसरं भांडं ठेवा. ते रोज संध्याकाळी बघायचं, किती उरलंय.