‘अनंताकडे जाते’ हे मराठी बरोबर आहे का?

टेंभीनाका: अकरावीसाठी कलनाची (कॅल्क्युलसची) मराठी टिपणं काढतोय. ‘क्ष शून्याजवळ गेला की १/क्ष अनंताकडे जाते’ असं लिहिलं. सोबतच्या मॅडमनी खोडलं. म्हणाल्या, अनंत काय कळव्यापुढचं स्टेशन आहे, त्याच्याकडे जायला? पर्याय सुचवा.

वाशीकर: ‘अमर्याद वाढत जाते’ लिहा. शिवाय ‘धन बाजूने’ हेही हवं. क्ष ०.००१ असेल तर उत्तर १०००, −०.००१ असेल तर −१०००. दोन बाजूंनी दोन टोकं, म्हणून १/० ला किंमतच देत नाहीत.

जुनी_वही: आम्ही शाळेत १/० = अनंत असंच शिकलो. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलंय. ख म्हणजे शून्य, ते ज्याचा हर, म्हणजे छेद. त्यात कितीही मिळवा, कितीही काढा, फरक पडत नाही. प्रलयात जीव अनंतात विरले, सृष्टीच्या वेळी बाहेर आले, तरी तो अनंत तसाच, हा त्यांचा दृष्टान्त. असा शब्द घरात असताना मुलं ‘इन्फिनिटी’ म्हणतात याचं वाईट वाटतं.

पारसिक: शब्द सुंदरच, पण खहर ही राशी. लिमिटमधला, म्हणजे ‘कशाकडे जाते’ सांगतानाचा, अनंत राशी नाही. तिथे तो फक्त ‘वाढ थांबत नाही’ एवढंच सांगतो. साधी संख्या मानून अनंत + १ = अनंत लिहा, दोन्हीकडून अनंत वजा करा, १ = ० येईल. आणि मुलं परीक्षेत इंग्रजीच लिहिणार, तर ‘इन्फिनिटी’ म्हणू द्या की.

टेंभीनाका: ०.९९९… चंही तेच होतं. मुलं म्हणतात, ते १ कडे जातं, पोचत नाही.

वाशीकर: हा ‘जाते’चाच घोळ! ०.९, ०.९९, ०.९९९ ही ओळ १ कडे जाते. ०.९९९… ही त्या ओळीची सीमा (लिमिट), ती कुठेच जात नाही, ती १ च आहे. १/३ = ०.३३३… सगळ्यांना मान्य असतं ना? तिप्पट करा.

जुनी_वही: ‘सीमा’पेक्षा ‘मर्यादा’ बरं.

सीवूड्स: ‘असंख्य’ आणि ‘अगणित’चंही बघा. वाळूचे कण असंख्य म्हणतो, पण ते सांतच, म्हणजे मोजून संपणारे. ‘अगणित’ खरं शोभतं वास्तव संख्यांना, म्हणजे संख्यारेषेवरच्या सगळ्या संख्यांना. त्या क्रमांक देऊन ओळीत बसत नाहीत, हे गणिती कँटरने १८७४ मध्ये दाखवलं.

जुनी_वही: आजी चतुर्दशीच्या चौदा गाठींच्या दोऱ्यालाही अनंतच म्हणायची.

सीवूड्स: आणि अनंताच्या फुलाला हे नाव कशावरून?

टेंभीनाका: मंडळी, टिपणं सोमवारी छापायला जातायत. ‘अमर्याद वाढते’ घेऊ का?