नजर साफ असली तरी डोळ्याचा पडदा तपासा
"पेपर चष्म्याशिवाय वाचतो, मग शुगर आहे म्हणून डोळे कशाला तपासू?" असं एका काकांनी विचारलंय. काका, माझ्या आईलाही तक्त्यावरची शेवटची ओळ दिसत होती. कोथरूडच्या दवाखान्यात डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) फोटो काढला, तर केशरी गोलावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके! साखरेने बारीक रक्तवाहिन्यांची भिंत कमकुवत होऊन आलेले ते फुगवटे. दुखत नाही, खुपत नाही, म्हणूनच राहून जातं. टाइप 2 मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं, साधारण दरवर्षी, तपासा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर मात्र गाडी चालवू नका. आईला कर्वे रोडवरचं ऊन सोसवेना, रिक्षाने आणली. आणि फोटो जपून ठेवा, पुढच्या वर्षी ताडून बघता येतो.