महिला कामगारांसाठी मापाचे बॉयलर सूट आणि सेफ्टी शूज कोठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचे पत्राकामाचे लहानसे वर्कशॉप आहे. आयटीआय झालेल्या काही मुली आमच्याकडे कामाला लागल्या, तेव्हापासून त्यांच्या अंगाला नीट बसेल असे सुरक्षा-साहित्य मी शोधते आहे. दुकानात ‘फ्री साइज’ म्हणून जे मिळते, ते पुरुषांच्या मापाचेच असते.

बॉयलर सूट, म्हणजे शर्ट-पँट एकत्र शिवलेला कामाचा पोशाख, खांद्यांवर ओघळतो, कमरेखाली आवळतो आणि बाह्या दुमडाव्या लागतात. त्या दुमडीत वेल्डिंगची ठिणगी अडकण्याचा धोका असतो. शिवाय तो अखंड असल्यामुळे स्वच्छतागृहात जाताना खांद्यांपासून उतरवावा लागतो. ते टाळण्यासाठी आपण पाणीच कमी पितो, असे मुलींनी मला सांगितले. मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली काम करणाऱ्यांना असे करावे लागणे, ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते.

बुटांची अडचण वेगळी आहे. आयएस १५२९८ या मानकाच्या सेफ्टी शूजमधील बोटांवरची कडक टोपी २०० जूलचा आघात सोसते, परंतु पाय चार नंबरचा आणि बूट सहाचा असेल, तर चालताना बूट भलत्या जागी वाकतो आणि टोपीची कड पायात रुतते. दोन मोजे घातले तरी टाच सैलच राहते. मार्च २०१९ मध्ये दोन महिला अंतराळवीरांच्या एकत्र स्पेसवॉकचा बेत नासाला बदलावा लागला, कारण अंतराळ-पोशाखाचा मध्यम मापाचा धडाचा भाग एकच तयार होता. तेव्हा ही उणीव केवळ लहान कारखान्यांची नव्हे.

जाड सुती ड्रिल कापडाचा, शर्ट-पँट असा दोन भागांचा, झाकणाच्या खिशांचा गणवेश शिवून घ्यावा असा माझा विचार आहे. आमच्या शिंप्याला मात्र स्त्रियांच्या मापावर असे कपडे बेतण्याचा सराव नाही. सयाजीराव विद्यापीठाच्या क्लोदिंग अँड टेक्स्टाइल्स विभागात शिकलेले कोणी येथे असल्यास ड्राफ्टिंगसाठी (मापानुसार आखणी करण्यासाठी) मार्गदर्शन करतील का? ‘इंडियासाइझ’ या नावाने निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीयांच्या शरीरमापांचे सर्वेक्षण हाती घेतले होते. त्यातील स्त्रियांच्या मापांचे तक्ते आमच्यासारख्यांना कोठे पाहता येतील?

तीन-चार नंबरचे, स्त्रियांच्या पायाच्या साच्यावर बनवलेले सेफ्टी शूज कोणी प्रत्यक्ष वापरले असतील, तर अनुभव लिहावा. कमीत कमी किती जोड्यांची मागणी असल्यास उत्पादक ते बनवून देतात, हेही कळवावे. शेजारच्या कारखान्यांशी बोलून एकत्रित मागणी नोंदवण्याची माझी तयारी आहे.