आपला हिरो घसरला तेव्हा (तुमचे अनुभव लिहा)

साताऱ्यातनं लिहितोय. फँटसी-सायफाय वाचणारे, बघणारे आपल्याकडं बरेच आहेत, तर ज्याच्यावर जीव होता तोच हिरो घसरला असं कुणाचं झालं असेल तर लिहा, आणि त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं तेही लिहा. माझा बोरोमिर, टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला योद्धा. त्याचं शहर मॉर्डोरच्या, म्हणजे शत्रूच्या मुलखाच्या तोंडाशी, त्याची माणसं लढून मरतायत, आणि शत्रूला संपवेल अशी अंगठी फ्रोडो नावाच्या एका हॉबिटच्या (बुटक्या जमातीतल्या माणसाच्या) गळ्यात असताना सगळे म्हणतात वापरायची नाही, ती वापरणाऱ्यालाच बिघडवते, नष्ट करायची. मला त्याचं पटत होतं. तो फ्रोडोच्या अंगावर धावला तोपर्यंत पटत होतं, मग माझीच मला भीती वाटली. नंतर मेरी-पिपिन या दुसऱ्या दोन हॉबिटना वाचवताना बाण खाऊन पडतो आणि मरताना सोबती अ‍ॅरागॉर्नला स्वतःहून सांगतो की मी अंगठी घ्यायला गेलो होतो. २००१ च्या सिनेमात हे शेवटी येतं, पुस्तकात दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला. दोन्हीकडं रडलोय.

सांगली, विश्रामबाग : 'स्टार वॉर्स'मधला अनाकिन. २००५ चा भाग कॉलेजात असताना बघितला तेव्हा वाटलं चिडका पोरगा आहे, याचं असंच होणार. पुढं बायकोच्या बाळंतपणात गुंतागुंत झाली, रात्रभर दवाखान्यात बाहेर बसून होतो, तेव्हा तो आठवला. बायको पाद्मे बाळंतपणात जाणार अशी स्वप्नं त्याला पडतात आणि त्याला फितवणारा पाल्पटीन सांगतो, मरण टाळायची विद्या आहे. त्या रात्री मला कुणी असं सांगितलं असतं तर मागेल ते दिलं असतं. पण जेडाय मंदिरातली (जेडाय म्हणजे त्याच्याच पंथाचे योद्धे) ती लहान पोरं, आता आपण काय करायचं असं त्यालाच विचारतात आणि तो लाइटसेबर, प्रकाशाची तलवार, काढतो. तिथं मी त्याच्याबरोबर जाऊच शकत नाही. आणि जिच्यासाठी केलं तिचाच गळा आवळतो. (आमच्याकडं दोघी सुखरूप आहेत, लेक शाळेत जाते.)

कराड : 'ड्यून'मधला पॉल अट्रायडीस. २०२४ चा दुसरा भाग बघून येताना बहिणीशी घरापर्यंत वाद. ती म्हणते हार्कोनेन या वैऱ्यांनी त्याचं घराणं संपवलं, त्यानं करायचं तरी काय? माझं म्हणणं, अनाकिनला त्या स्वप्नांपलीकडं काही दिसत नव्हतं, याला तर पुढचं सगळं दिसत होतं, आपल्या नावानं धर्मयुद्ध पेटणार हे माहीत असून गेला. १९६९ च्या दुसऱ्या पुस्तकात स्वतःच आकडा सांगतो, ६१ अब्ज मेले, तेही कमीत कमी धरून. सिनेमात त्याची प्रेयसी चानी त्याला सोडून जाते, पुस्तकात जात नाही. मला जाणारी चानी पटली.

विटा : 'गेम ऑफ थ्रोन्स'मधली डेनेरिस. गुलाम सोडवणारी बाई, आणि शरणागतीच्या घंटा वाजल्यावरही ड्रॅगनवरून शहर जाळते. २०१९ पासून परत बघितलं नाही, बघवत नाही.

वाई : बोरोमिरवर लिहिलंत, पण फ्रोडो पण शेवटच्या क्षणी अंगठी टाकत नाही की, माझी म्हणतो, अंगठीच्या मागं लागलेल्या गॉलमनं बोट चावून तोडलं म्हणून ती आगीत पडली. टॉल्किननी पत्रात लिहिलंय की हे त्याचं नैतिक अपयश नाही, कारण तेवढा भार कुणालाच पेलला नसता. मी वर्षभर घरातल्या आजारी माणसाचं एकटीनं केलंय, शेवटी हातपाय चालेनात, तेव्हा हे वाचून खूप धीर आला.

सातारा : वाईकर ताई, तुमचं वाचून त्याच गोष्टीतली एल्फ राणी गॅलाड्रिएल आठवली. तिला तर फ्रोडो स्वतःहून अंगठी देत होता आणि तरी तिनं नको म्हटलं. तिच्यावर कुणीतरी लिहा, घसरणाऱ्यांचंच किती लिहायचं.