डॉक्टर, किती होतील? हे विचारायची चोरी का?

चिंगीची_आई (पुणे)

चिंगी आमची गावठी कुत्री, सात वर्षांची. गेल्या महिन्यात दोन दिवस नुसती पाणी पीत होती, खाणं बंद. उन्हाळा आहे म्हणून आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. तिसऱ्या रात्री उठेचना. अकरा वाजता चोवीस तास उघड्या असणाऱ्या एका दवाखान्यात नेली. गर्भाशयात पू झाला होता, पायोमेट्रा म्हणतात त्याला. लगेच ऑपरेशन.

चिंगी वाचली. आत्ता हे लिहितेय तेव्हा पायाशी घोरतेय. त्यामुळे उपचारांबद्दल एक शब्दही तक्रार नाही. बिल झालं ४१,६०० रुपये. रात्रीची तपासणी १,५००, रक्त २,४००, सोनोग्राफी १,८००, भूल धरून ऑपरेशन १९,०००, तीन दिवस अ‍ॅडमिट १२,०००, सलाईन आणि औषधं ४,९००.

ही फोड मला कधी मिळाली? चौथ्या दिवशी, कार्ड स्वाइप करताना. पहिल्या रात्री मी काउंटरवर विचारलं होतं, "साधारण किती होतील?" तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, आधी जीव वाचवूया ना?" मी गप्प. बाजूच्या बाकावर मांजर घेऊन बसलेल्या काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चिंगीला पुलाखाली सोडून पळणार होते.

माझं म्हणणं एवढंच: दारात तपासणी, लस, नसबंदी, एक्स-रे यांच्या दरांचा बोर्ड हवा. आणि मोठ्या उपचाराआधी कागदावर दोन आकडे, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. गॅरेजवाला सुद्धा स्कूटर खोलायच्या आधी अंदाज सांगतो.

फटकळ_नाना

कटू वाटेल, पण ऐपत नसेल तर पाळू नये. आमच्या लॅब्राडॉरवर महिन्याला सात-आठ हजार जातात आणि मी कुणापुढे रडत नाही. रस्त्यावरून उचलून आणायचं आणि मग बिल आलं की डॉक्टर लुटारू!

चिंगीची_आई

नाना, बिल मी भरलंय. लुटारू हा शब्द तुमचा, माझा नाही.

लालबागचा_बोका

नाना, ऐपत काय असते हो? माझ्या आईकडे चाळीत तीन मांजरं आहेत. एकही 'पाळलेलं' नाही, आपणहून आली आणि राहिली. ती आजारी पडली की आई पिशवीत घालून परळला बैलघोडा हॉस्पिटलात नेते. बाहेरच्यांसाठी सांगतो, म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल. ब्रिटिश काळातलं, ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल तिथे यायचे म्हणून हे नाव. १८८६ पासून पशुवैद्यक कॉलेजही तिथेच आहे. खाजगीच्या मानाने खर्च फार कमी. आता महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांचं मोठं हॉस्पिटलही २०२४ मध्ये सुरू झालंय. तेव्हा 'परवडत नसेल तर पाळू नका'च्या आधी 'स्वस्तात कुठे मिळतं' हे सांगा ना.

वाईकर_मंदा

पुण्याहून साताऱ्याकडे येताना शिरवळला सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे शिकवणारे डॉक्टर स्वतः बघतात. आमच्या टॉमीचा पाय तिथेच बसवला. मुलं शिकत असतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली जाते. वेळ मात्र भरपूर हाताशी ठेवून जा.

हातावर_पोट

तीच तर गोम आहे मंदाताई. मी रोजावर काम करतो. स्वस्त दवाखान्यात सकाळी सातला रांग, दुपारी दोनला नंबर, उद्या रिपोर्ट दाखवायला परत या. दोन दिवस खाडा म्हणजे माझे चौदाशे गेले. शिवाय कुत्र्याला रिक्षावाले घेत नाहीत, घेतलं तर दुप्पट मागतात. गल्लीतला खाजगी डॉक्टर सहाशे घेतो, तो मला स्वस्त पडतो.

डॉ_शेपूट

मी पशुवैद्य, पंधरा वर्षं प्रॅक्टिस. चिंगीच्या आईंचं बिल पाहिलं. रात्रीचं ऑपरेशन, सात वर्षांचं जनावर, अंगात विष भिनलेलं. हा आकडा मला अवाजवी वाटत नाही.

लोकांना वाटतं कुत्र्याचं ऑपरेशन म्हणजे माणसाच्या ऑपरेशनची लहान प्रत. मशीन तेच, भुलीचा गॅस तोच. फरक एवढाच की माणसाच्या हॉस्पिटलात त्या मशीनवर दिवसाला चाळीस पेशंट जातात, माझ्याकडे चार. आणि माणसांच्या बिलामागे बऱ्याचदा विमा कंपनी असते, इथे सगळं मालकाच्या खिशातून. साडेपाच वर्षं शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरला पगारही द्यावा लागतो.

अंदाजाबद्दल सांगायचं तर पोट उघडल्यावर आत काय निघेल हे मलाही माहीत नसतं. २० म्हटलं आणि ३५ झाले, की मी चोर.

चिंगीची_आई

म्हणून तर मी दोन आकडे म्हणाले डॉक्टर. २० ते ४० सांगा, मी ४० ची तयारी करते. रात्री अकराला दिरांना फोन करून पैसे मागायचे की एफडी मोडायची, हे मला तेव्हा ठरवायचं होतं. तुम्हाला चूक ठरण्याची भीती वाटते, तेवढ्यासाठी मला अंधारात ठेवायचं?

डॉ_शेपूट

हे पटलं. पण दुसरी बाजूही ऐका. चिंगीची नसबंदी वेळेवर झाली असती, तर गर्भाशयच राहिलं नसतं आणि पायोमेट्राही झाला नसता. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत मादी जास्त पाणी पिऊ लागली, तर थांबायचं नसतं. स्राव दिसलाच पाहिजे असंही नाही. गर्भाशयाचं तोंड बंद असलेला पायोमेट्रा बाहेर काहीच दाखवत नाही आणि तोच जास्त घातक. दोन दिवस आधी आला असतात, दिवसाढवळ्या, तर कदाचित तीनऐवजी एकच दिवस अ‍ॅडमिट करावं लागलं असतं.

चिंगीची_आई

मान्य. नसबंदीचे आठ हजार सांगितले होते, 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत सहा वर्षं काढली. ते पाप आमचंच.

कोकणी_खवचट

डॉक्टर, दरवर्षीच्या लसींचं काय? माझ्या दहा वर्षांच्या कुत्र्याला दर वर्षी सगळ्या टोचता. हा धंदा नाही तर काय?

डॉ_शेपूट

प्रश्न रास्त आहे. पिल्लाचा कोर्स आणि वर्षानंतरचा बूस्टर नीट झाला असेल, तर डिस्टेंपर-पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची लस मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा द्यायची गरज नाही, असं लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटनाच म्हणते. लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) मात्र दरवर्षी लागते, तुमच्या कोकणात तर नक्कीच. रेबीजचीही आपल्याकडे दरवर्षी. पिल्लाच्या लसींत मात्र एक पैसाही वाचवू नका. पार्व्हो झालेलं पिल्लू आठवडाभर सलाईनवर असतं, आणि तेवढं करूनही वाचेलच असं नाही.

पेडण्याचो_बाब

आमच्या गोव्यात रेबीजची लस गावागावांत फिरून फुकट देतात, सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था मिळून. २०१४ पासून चाललंय. मग महाराष्ट्रात का होऊ नये?

मनीमाऊ_७७

खर्च वाचवण्याच्या नादात मी काय केलं ते सांगते. मनीला ताप होता. रविवार होता, म्हणून घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली. लहान बाळाला देतो, मांजराला काय होणार? संध्याकाळपर्यंत हिरड्या काळपट निळ्या पडल्या आणि श्वास लागला. सोमवारी सकाळी गेली. मांजराच्या यकृताला ते औषध पचवताच येत नाही, हे मला नंतर कळलं. कृपया कुणी करू नका.

डॉ_शेपूट

मनीमाऊताई, वाईट वाटलं. बाकीच्यांसाठी: कुत्र्यालाही आयब्रुफेन ही माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका, जठराला जखमा होतात, किडनी जाते. माणसांच्या साखरविरहित सिरपमध्ये कधी कधी गोडीसाठी झायलिटॉल असतं, तेही कुत्र्याला विष आहे. उलट स्वस्तातलं औषध हवं असेल तर सरळ मागा. गोचीडतापाला आम्ही डॉक्सिसायक्लीनच लिहितो, ती माणसांचीच गोळी आहे, जेनेरिकच्या दुकानात मिळते. फक्त डोस वजनावर असतो, तो आम्हाला ठरवू द्या.

फटकळ_नाना

यावर उपाय एकच, विमा काढा.

हातावर_पोट

काढायला गेलो होतो नाना. कुत्र्याचं वय जास्त, जुना त्वचारोग धरणार नाही, लसींचं कार्ड दाखवा. कार्ड कुठलं, ते रस्त्यावरून आलेलं! शेवटी पतसंस्थेत त्याच्या नावाने महिना पाचशेची आरडी लावली. पासबुकावर माझं नाव आहे, पण घरात सगळे 'मोत्याचे पैसे'च म्हणतात. दोन वर्षांत १२ हजार आणि वर व्याज. मुलीच्या फीला सुद्धा हात लावला नाही.

लालबागचा_बोका

हे मस्त! आईला सांगतो, तिघांच्या नावाने.

डॉ_शेपूट

या चर्चेचा माझ्यावर एवढा परिणाम झालाय की तपासणी, लसी आणि टाके काढण्याचे दर उद्या बोर्डावर लावतो. नसबंदीचा मात्र नाही लावणार. मी आठ लिहिले की समोरचा साडेपाच लिहील, गॅसऐवजी नुसती इंजेक्शनची भूल देईल, रक्त न तपासताच टेबलावर घेईल. लोक आकडा बघून तिकडे जातील.

चिंगीची_आई

मग भूल कोणती देता आणि रक्त तपासता का, हेही बोर्डावर लिहा की डॉक्टर. आम्हाला वाचता येतं.