अ‍ॅक्सिलरेटर मधूनच मरतो म्हणून सरळ पॅडल बदलायचं?

भोसरीचा फिटर:
काल एकाने लिहिलं, "इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टचा अ‍ॅक्सिलरेटर मधूनच मेला तर डोकं लावू नका, अख्खी पॅडल असेंब्ली बदला." खाली वाहवा करणारेही निघाले! अरे, बिघाड दिवसातून एकदाच दर्शन देतो, तर पार्ट बदलल्यावर गाडी चालणारच की. बदलायच्या आधीही चालतच होती. मग पॅडलच गेलं होतं हे कळलं कशावरून?

आधी कंट्रोलरचा, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्याचा, फॉल्ट कोड बघा. कर्टिस कंपनीच्या १२३६-१२३८ कंट्रोलरवर ४१ किंवा ४२ आला तर सिग्नलची भानगड: पॉट (पॅडल किती दाबलं ते सांगणारा पोटेन्शिओमीटर), नाहीतर त्याची वायर. ४७ आला तर गाडी चालू करायचा क्रम बिघडलाय. सीट, डायरेक्शन लिव्हर, पॅडल यांतलं कोणीतरी मध्येच दगा देतंय. झापी कंपनीच्या कंट्रोलरवर 'इनकरेक्ट स्टार्ट' येतो, तो याच घरातला. मग गाडी स्टँडवर घ्या, ड्राइव्हची चाकं अधांतरी, पॅडल हळूहळू दाबा आणि हँडसेटवर (कंट्रोलरला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) पॅडलचा आकडा बघत राहा. आकडा सरळ चढतोय, पण फ्लोअर प्लेटखालचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवला की पडतोय, तर पॅडलचा गुन्हा काय?

स्टोअर इन्चार्ज, चाकण:
स्टँडवर घ्या, हँडसेट लावा! बाहेर कंटेनर उभा असतो साहेब, ड्रायव्हर हॉर्न वाजवून जीव खातो. कंटेनर अडकवल्याचं डिटेन्शन तुम्ही भरणार का? पॅडल अर्ध्या तासात बसतं. आणि हँडसेट डीलरकडे असतो, तो येतो त्याच्या मर्जीने.

भोसरीचा फिटर:
हँडसेट नसेल तर साधा मीटर लावा, पण काट्याचा. पॉटचा ट्रॅक मध्ये झिजला असेल तर काटा दचकतो. स्वस्तातला डिजिटल आकडा बदलेपर्यंत तो क्षण निघून गेलेला असतो.

बॅटरीवाला तळोजा:
कंट्रोलर, पॅडल, सगळं झालं. बॅटरी कोणी बघितली? ४८ व्होल्टला २४ सेल. त्यातला एक जरी बसला तरी लोड घेऊन चढावर व्होल्टेज कोसळतं आणि कंट्रोलर हात आखडता घेतो. बॅटरीत भरायच्या डिस्टिल्ड पाण्याचा कॅन माझ्या डोळ्यांदेखत चहावाल्याकडे गेलाय.

नाईट शिफ्ट वाळूज:
सगळे फिटर आणि स्टोअरवाले. जो चालवतो त्याला विचारा की! आमची गाडी फक्त डॉक लेव्हलरवर, म्हणजे ट्रकमध्ये शिरायच्या चढाच्या पाटीवर, चढताना मरायची. पाय उचलून परत दाबला की चालू. सांगायला गेलो तर "तूच ब्रेकवर पाय ठेवतोस." पॅडलही बदललं, फरक शून्य. शेवटी निघाला सीटचा स्विच, माणूस बसलाय का ते ओळखणारा. फोम बसलेला, माझं वजन ५५ किलो, दणका बसला की स्विच सुटायचा. दिवसपाळीचा गडी जाडजूड, त्याला कधी त्रासच नाही. मग सुपरवायझरने काय केलं? स्विचला जंपर मारला, म्हणजे वायर जोडून तो कायमचा चालू करून टाकला.

स्टोअर इन्चार्ज, चाकण:
मग चालली ना गाडी? निम्म्या शेडमध्ये तेच असतं. एवढा बाऊ कशाला?

नाईट शिफ्ट वाळूज:
बाऊ? माझा मेव्हणा गाडी चालू ठेवून पॅलेट सरळ करायला उतरला. उतरताना बाही लिव्हरला अडकली, पॅडलवर वेष्टनाचा गठ्ठा सरकला, आणि पाय गेला रॅक आणि फोर्कच्या मध्ये. सीट स्विच जंपर केलेला. तुम्ही या त्याच्या घरी सांगायला.

भोसरीचा फिटर:
ऑपरेटर जागेवर नसेल तर गाडी हलता कामा नये, हे आयएसओ ३६९१-१ या फोर्कलिफ्टच्या सुरक्षा मानकातच आहे. जंपर मारणाऱ्याला आधी गेटबाहेर काढा.

स्टोअर इन्चार्ज, चाकण:
कागद दाखवू नका. ऑपरेटर स्वतःच सीटखाली चिंध्या कोंबतात, ते कोण लिहिणार?

नाईट शिफ्ट वाळूज:
कोंबतात, कारण नवी सीट मागितली की "बजेट नाही". त्याच महिन्यात पॅडल असेंब्लीला बजेट असतं!

बॅटरीवाला तळोजा:
आणि पाण्याला नसतं.

कालचा पोस्टवाला:
बरं बाबांनो, माझ्या एका वाक्यावर कोर्ट भरलंय. आज कोड बघितला: ४७. सीटचा फोम बसलेला आहे, मान्य. पण नवं पॅडल बिल झालंय, डीलर परत घेत नाही. कोणाला हवंय का?

भोसरीचा फिटर:
स्टोअर इन्चार्जना विचारा, त्यांचा कंटेनर उभा आहे.