बिली जीन किंग कप: आपला महिला संघ दुहेरीच्या जोरावर किती दिवस चालवायचा?

बेसलाइनबाबा
टेनिसच्या बिली जीन किंग कपमध्ये (महिलांची देशादेशांतली सांघिक स्पर्धा) बंगळुरूला झालेल्या पराभवाचा राग आता निवलाय, म्हणून धागा काढतो.

एप्रिल 2025 मध्ये पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला आशिया-ओशनिया गट एकचे सामने झाले, तेव्हा पाचपैकी तीन दिवस मी तिथे होतो. पहिल्याच दिवशी न्यूझीलंडकडून हरलो. मग थायलंड, हाँगकाँग, तैवान, कोरिया अशा चार लढती ओळीने जिंकून गटात दुसरे आलो आणि प्ले-ऑफ (जागतिक पात्रता फेरीच्या आधीची पायरी) गाठला. हैदराबादच्या श्रीवल्ली भमिडिपाटीने पाचच्या पाच एकेरी मारल्या. माझा घसा दोन दिवस बसला होता, तेव्हा देशप्रेमाचे डोस कृपया नकोत.

त्या प्ले-ऑफसाठी नोव्हेंबरात बंगळुरूला स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स आले. घरचं कोर्ट, घरचे प्रेक्षक, आणि दोन्ही लढती गेल्या. परत आशियाच्या गटात.

माझं म्हणणं असं. एका लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी असते. म्हणजे एकेरीत एक जण कशीबशी जिंकली आणि दुहेरीची जोडी तगडी असली की काम फत्ते. मार्च 2020 मध्ये दुबईला हेच झालं. पहिली लढत चीनशी हरलो, मग चार ओळीने जिंकलो. शेवटची इंडोनेशियाशी. ऋतुजा भोसले तीन सेटमध्ये हरली, अंकिता रैनाने बरोबरी साधली आणि सानिया-अंकिता जोडीने दुहेरी काढली. इतिहासात पहिल्यांदा प्ले-ऑफ. पण एप्रिल 2021 मध्ये लाटवियात युर्मालाला गेलो तेव्हा तिथे चार एकेरी आणि शेवटी एक दुहेरी अशी मांडणी होती. सानियाचा नंबर यायच्या आत निकाल लागलेला. 3-1.

पुण्यात लढती सुरू होत्या त्या आठवड्यात एकेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत आपली एकही मुलगी नव्हती. अशा परिस्थितीत यजमानपदाचा थाट कशाला? तो पैसा चार-पाच मुलींच्या वर्षभराच्या प्रवासावर घाला, संघ आपोआप वर येईल. बोला.

मिश्किल_मोरू
धागा टेनिसचा आहे हे बघून आत आलो, दोन मिनिटं क्रिकेटमधून जीव सुटला. चालू द्या.

अण्णा_शिवाजीपार्क
बाबा, "आपोआप" हा शब्द आधी मागे घ्या. संघ आपोआप वर येत नसतो. आमच्या काळी निरुपमा मंकड 1965 ची आशियाई विजेती, पण तिच्या मागे दुसरी कोण, तर शांतता. त्याच्याही आधी मुंबईची लीला राव 1934 मध्ये विम्बल्डनला सामना जिंकली, असं करणारी पहिली भारतीय बाई. खेळ शिकली आईकडून, आणि आई कोण तर पंडिता क्षमा राव, संस्कृत कवयित्री! (पुण्यात जन्मलेल्या. घरी श्लोक आणि कोर्टवर बॅकहँड, हे कॉम्बिनेशन मला फार आवडतं.) सांगायचा मुद्दा, सुट्या सुट्या चांदण्या आपल्याकडे नव्वद वर्षं आहेत. संघ म्हणून उभं राहणं हेच नवीन आहे, आणि तुम्ही नेमकं तेच कापायला निघालात.

गटिंगवाला_नाशिक
बाबांशी ऐंशी टक्के सहमत. मी रॅकेटच्या तारा ओढतो, गेली अठरा वर्षं. मुलींच्या रॅकेट कोणत्या ताणाने येतात, महिन्याला किती वेळा येतात, यावरून कोणाचं काय चाललंय कळतं. चौदाच्या आतल्या मुली दर आठवड्याला गटिंग करून घेतात. अठराच्या पुढे गेल्या की महिन्यातून एकदा, मग दोन महिन्यांतून एकदा, मग रॅकेट विकायची आहे म्हणून फोन येतो. मधल्या चार वर्षांत काय होतं? पैसे संपतात. यजमानपदाने ते भरून निघत नाहीत.

बेसलाइनबाबा
@गटिंगवाला, उरलेले वीस टक्के कुठे अडले?

गटिंगवाला_नाशिक
बालेवाडीच्या त्या आठवड्यानंतर माझ्याकडे नवीन सात रॅकेट आल्या, सगळ्या मुलींच्या. धंदा आहे राव, खोटं कसं बोलू.

स्वराची_आई
मी बोलू का, कारण इथे सगळे पुरुष मुलींच्या पैशांचा हिशोब मांडतायत.

माझी मुलगी तेरा वर्षांची. राज्य मानांकनाच्या स्पर्धा खेळते. शनिवार-रविवार कधी सोलापूर, कधी कोल्हापूर, कधी नवी मुंबई. आदल्या रात्री एसटी किंवा वाटून घेतलेली गाडी, लॉजवर दोन मुली आणि दोन आया एका खोलीत. सकाळी साडेसातला हजेरी, सामना अकराला. मधले तीन तास ती केळं खाते, मी ऊन खाते. एका अकादमीने (नाव घेत नाही) वर्षाची फी एकरकमी घेतली आणि ज्या कोचसाठी गेलो तो दुसऱ्याच महिन्यात सोडून गेला. परतावा नाही.

एवढं सगळं असून मी बेसलाइनबाबांच्या विरोधात आहे. बालेवाडीला तिला घेऊन गेले होते. न्यूझीलंडची लढत. श्रीवल्ली जिंकली, नंतर त्यांची लुलू सन आपल्या सहजा यमलापल्लीशी खेळायला उतरली. लुलू म्हणजे विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळलेली बाई. स्वरा जाळीला चिकटून उभी, आमच्यापासून बारा-पंधरा पावलांवर लुलू डावखुरी सर्व्ह मारतेय. टीव्हीवर चेंडू वळलेला दिसतो, तिथे तो ऐकू येतो. सहजा हरली, दुहेरीही गेली. परतताना पोरगी गप्प. मला वाटलं नाराज झाली. औंधला सिग्नलला म्हणाली, "आई, ती दुसरी सर्व्हसुद्धा पहिलीसारखीच मारत होती." दुसऱ्या दिवसापासून हिची दुसरी सर्व्ह (पहिली चुकली की जपून मारतात ती) बदलली. आधी महिनाभर नुसत्या डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्ह चुकून गुण गेला) झाल्या, तो भाग वेगळा.

हे मला कुठल्या प्रवासभत्त्यात मिळणार होतं?

मिश्किल_मोरू
+१ केळं आणि ऊन.

बेसलाइनबाबा
ताई, अनुभव मनापासून आवडला, पण तुम्ही माझ्याच बाजूचा पुरावा दिलात. लुलू सन बघायला बिली जीन किंग कपच कशाला हवा? मुंबईला सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) डब्ल्यूटीए 125 होते, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिसमधली छोटी स्पर्धा. फेब्रुवारी 2025 मध्ये कोइम्बतूरची माया राजेश्वरन तिथे पंधराव्या वर्षी उपांत्य फेरीत गेली. चेन्नईला त्याच्या वरची पायरी, डब्ल्यूटीए 250 होते. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर वर्षानुवर्षं आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) महिलांची स्पर्धा चालू आहे. तिथे मुलींना बघायलाही मिळतं, खेळायलाही, वर क्रमवारीचे गुण. राष्ट्रीय संघासाठी खेळून डब्ल्यूटीएचा एक गुण मिळत नाही. श्रीवल्लीने पाच सामने जिंकले आणि क्रमवारीत जागची हलली नाही. सानियासुद्धा हैदराबादच्या डब्ल्यूटीए स्पर्धेतूनच पुढे आली, 2005 चं विजेतेपद तिथलंच. म्हणजे स्पर्धा घ्या, लढती नकोत.

अण्णा_शिवाजीपार्क
तिकडे भारताच्या मुलीसाठी किती लोक ओरडतात ते सांगा. सीसीआयला पात्रता फेरीच्या वेळी मी गेलोय. प्रेक्षकांत आम्ही नऊ जण, त्यातला एक झोपलेला.

कॉलेजियन_ह्यूस्टन
टेक्सासमधून लिहितोय. तुम्ही दोघेही एक दरवाजा विसरताय. सहजा सॅम ह्यूस्टन स्टेटला शिकली, आमच्या घरापासून उत्तरेला तास-सव्वातास. ऋतुजा टेक्सास ए अँड एमला. कॉलेजची शिष्यवृत्ती म्हणजे चार वर्षं कोर्ट, कोच, फिजिओ, प्रवास सगळं फुकट, शिवाय डिग्री. गटिंगवाले ज्या अठरा ते बावीसच्या खड्ड्याबद्दल बोलतायत, तो इथे भरून निघतो.

इंडोनेशियाची जॅनिस चेन बघा. आधी ओरेगन, मग पेपरडाइन, 2024 मध्ये कॉलेज संपवून सर्किटवर आली, 2025 मध्ये अमेरिकन ओपनच्या मुख्य फेरीत मानांकित खेळाडूला हरवलं, आणि वर्षअखेरीला आपल्याच चेन्नईत येऊन 250 चं विजेतेपद नेलं. हाच तो इंडोनेशिया, ज्याला 2020 ला दुबईत हरवून आपण पेढे वाटले. आज कोण कुठे आहे?

आणि कॉलेज टेनिस पूर्णपणे सांघिक असतं. सहा एकेरी, तीन दुहेरी, बाजूच्या कोर्टवरून मैत्रिणी ओरडतायत. बाबा, तुमची "एकेरी आधी, संघ नंतर" ही फोड तिथे कोणी करत नाही.

बेसलाइनबाबा
चेनचं उदाहरण मान्य, आणि लागलं. पण फिलिपिन्सची अ‍ॅलेक्स इआला? कॉलेजला गेलीच नाही. लहानपणीच मायोर्काला नदालच्या अकादमीत, आणि मार्च 2025 मध्ये मायामीला वाइल्ड कार्डवर (आयोजकांच्या थेट आमंत्रणावर) येऊन ग्रँडस्लॅम विजेत्या श्वियाँतेकला हरवलं. फिलिपिन्सचा संघ कुठल्या गटात खेळतो हे कोणी विचारलं का? चीनचंही तेच. 2008 च्या अखेरीस ली ना आणि आणखी तिघींना सरकारी व्यवस्थेतून मोकळं केलं, स्वतःचा कोच स्वतः निवडा, बक्षिसाचा थोडा हिस्सा संघटनेला द्या. 2011 मध्ये ली नाने फ्रेंच ओपन जिंकली. आधी खेळाडू मोकळी झाली, मग देशाचं नाव झालं.

कॉलेजियन_ह्यूस्टन
ली नाला घडवलं कोणी, ते सोयीस्कर विसरलात. ती आकाशातून पडून मग मोकळी झाली नव्हती. सरकारी केंद्रात लहानपणापासून राबलेली.

अण्णा_शिवाजीपार्क
शाब्बास. आता अंकिताचं घ्या. अहमदाबादची मुलगी, पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे यांच्याकडे तयार झाली. क्रमवारीत तिची मजल 160 पर्यंत. पण फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्लीला देशाकडून खेळताना तिने कझाकस्तानची पुतिनत्सेवा आणि चीनची झू लिन यांना हरवलं, दोघीही तिच्या कितीतरी वर. 2021 ला युर्मालात फ्रेंच ओपन जिंकलेल्या ओस्तापेंकोला तिसऱ्या सेटमध्ये 7-5 पर्यंत खेचलं. कर्णधार शेजारी बाकावर, पाठीवर देशाचं नाव. माणूस तिथे वेगळं खेळतो. हे आकड्यात बसवता येत नाही म्हणून तुम्ही ते टाकून देताय.

बेसलाइनबाबा
अण्णा, युर्मालाचा तो सामना अंकिता हरली.

अण्णा_शिवाजीपार्क
हरली. तुम्ही जिंकला असतात का?

मिश्किल_मोरू
गेम, सेट, अण्णा.

गटिंगवाला_नाशिक
भांडण भलतीकडे चाललंय. दुहेरीबद्दल मूळ प्रश्न होता ना? आपल्या मुली दुहेरी का खेळतात ते सांगतो. लहान आयटीएफ स्पर्धेला लांब गेलं आणि एकेरीत पहिल्या फेरीत हरलं, तर त्या आठवड्याचा खर्च डोक्यावर. दुहेरीत जोडी जमली तर दोन सामने जास्त आणि हॉटेलचं बिल तरी सुटतं. बार्शीची प्रार्थना ठोंबरे बघा. सानियाबरोबर 2014 ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, 2016 ला रिओ ऑलिंपिक, आणि पुण्यातल्या संघातही होती. बार्शीहून रिओ म्हणजे गंमत नाही. ऋतुजाचं आशियाई स्पर्धेतलं सुवर्णही बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीतलंच. दुहेरी हा आपला आजार नव्हे हो बाबा, ते आपलं पोट आहे.

बेसलाइनबाबा
हे वाक्य मी चोरणार. आणि दुहेरीला मी नावं ठेवत नाहीये, सानियाच्या सहा ग्रँडस्लॅम दुहेरी-मिश्र दुहेरीतल्याच आहेत. पण तीच सानिया 2007 मध्ये एकेरीत 27 वी होती हे लोक विसरतात. तिच्यानंतर एकेरीत पहिल्या शंभरात आपली एकही नाही. ग्रँडस्लॅमच्या नुसत्या पात्रता फेरीला बसायचं तरी साधारण सव्वादोनशेच्या आत यावं लागतं. हे जोवर होत नाही तोवर आपण दर दोन-चार वर्षांनी प्ले-ऑफला जाणार, मार खाऊन परतणार, आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा ढोल वाजवणार.

कॉलेजियन_ह्यूस्टन
सहजाने सप्टेंबर 2025 मध्ये ग्वादालाहाराला स्लोन स्टीफन्सला दोन सेटमध्ये हरवलं. अमेरिकन ओपन जिंकलेली खेळाडू. पुण्याची लढत खेळून पाच महिने झाले होते. संबंध नाही म्हणता येईल, आहे असंही म्हणता येईल.

बेसलाइनबाबा
स्टीफन्स दुखापतीतून परतत होती.

कॉलेजियन_ह्यूस्टन
वाटलंच होतं हे येणार.

स्वराची_आई
बाबा, तुमचा तोडगा परत वाचला. पैसा चार-पाच मुलींना द्या म्हणता. त्या चार-पाच कोण ठरवणार? आज वरच्या पाच निवडाल तर त्यांतल्या दोघी तिशी ओलांडलेल्या असतील. चौदा वर्षांच्या पाच निवडाल तर त्यांतल्या तिघी सोळाव्या वर्षी दहावी-बारावी आणि गुडघा यात अडकतील. आणि कुठल्या जिल्ह्यातल्या, कोणाच्या अकादमीतल्या, ही यादी कुठल्या खोलीत बसून होते ते इथल्या सगळ्या आईबापांना माहीत आहे. लढत भरवली तर निदान दार सगळ्यांना उघडं असतं. पास काढायचा, आत जायचं, जाळीला चिकटून उभं राहायचं.

बेसलाइनबाबा
ताई, निवड क्रमवारीवर करा. कोण कोणाचं हा प्रश्नच येत नाही.

स्वराची_आई
आणि क्रमवारी कशी सुधारते? स्पर्धा खेळून. स्पर्धा कशा खेळतात? पैशांनी. ज्याच्याकडे आधीच आहेत त्यालाच तुम्ही आणखी देणार.

बेसलाइनबाबा
याचं उत्तर आज रात्री माझ्याकडे नाही. उद्या लिहितो.

स्वराची_आई
उद्या मी ऑनलाइन नाही. साडेसातला हजेरी आहे, सोलापूर.

गटिंगवाला_नाशिक
ताई, सोलापूरला ऊन कोरडं असतं, चेंडू उडतो. तारा एक किलो घट्ट करून घ्या.